बिल्ला, पंगत आणि मतपेटी

गेल्या पावसाळ्यात पुतणी घरी आली. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीपासून तिची व्यवस्थापनशास्त्राची संस्था फार लांब नाही. तिच्या हातात एक छापील अर्ज होता. संस्थेत आठ क्लब आहेत: फायनान्स क्लब, मार्केटिंग क्लब, उद्योजकता क्लब वगैरे. त्यांच्या वर एक ‘गुणवंत मंडळ’ आहे. वर्गातल्या पहिल्या काही मुलामुलींनाच त्यात प्रवेश मिळतो. निवड झाली की छोटासा समारंभ होतो, कोटाला बिल्ला लावतात आणि नोकरीच्या अर्जात तसा उल्लेख करता येतो. पुतणीची निवड झाली होती. वर्गणी भरायची होती, त्यासाठी ती काकाकडे आली होती.

वर्गणी मी दिली. पण जाता जाता तिने विचारले, “काका, तुमच्या वेळी असं काही होतं का?” ‘होतं की’ असे मी पटकन म्हणालो आणि मग अडखळलो. आमच्या वेळी वाणिज्य मंडळ होते, वाङ्मय मंडळ होते, प्लॅनिंग फोरम होता, स्नेहसंमेलन होते. बिल्ला मात्र नव्हता. हा बिल्ला आला कुठून आणि आमची मंडळे गेली कुठे, हे शोधता शोधता दिवाळी आली. मी पेशाने हिशेबनीस. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे खतावण्या लिहिल्या. इतिहास शिकलो तो बळवंत वाचनालयाच्या कपाटांतून आणि रविवारी जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून. त्यामुळे हे लिखाण एखाद्या प्राध्यापकाच्या शिस्तीचे नाही. जमेची आणि खर्चाची बाजू मात्र मी चोख मांडतो.

बिल्ल्याचा उगम अमेरिकेत आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅप्पा’ नावाचे मंडळ काढले. ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त शपथ, हस्तांदोलनाची खास खूण आणि वादविवादाच्या सभा असा त्याचा थाट होता. पुढे गुप्तता गळून पडली आणि हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान एवढेच उरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी विद्यापीठांनी व्यापाराचे शिक्षण देण्यासाठी स्वतंत्र शाळा काढायला सुरुवात केली. व्हार्टन १८८१ ची, हार्वर्डची १९०८ ची. तिथल्या विद्यार्थ्यांना असा मान मिळण्याची सोय नव्हती, कारण व्यापार हा काही विद्वानांचा विषय नव्हे, अशी तिथेही समजूत होती. तेव्हा त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांतली मंडळे १९१३ मध्ये एकत्र आली आणि ‘बीटा गॅमा सिग्मा’ जन्मली. नावातली तीन अक्षरे ज्या ग्रीक शब्दांची आहेत त्यांचा अर्थ मान, शहाणपण आणि तळमळ असा सांगतात. आज मान्यताप्राप्त व्यवस्थापन संस्थांतल्या पदवीच्या वर्गातले वरचे दहा टक्के आणि पदव्युत्तर वर्गातले वरचे वीस टक्के विद्यार्थी तिचे सभासद होऊ शकतात. आमच्या पुतणीच्या संस्थेचे मंडळ तिची शाखा नाही, पण साचा तोच आहे.

बीटा गॅमा सिग्माच्या जमाखर्चात एक नोंद मला विशेष वाटली. १९१८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वाणिज्य शिकणाऱ्या मुलींना ‘गॅमा एप्सिलॉन पाय’ नावाचे स्वतःचे गुणवंत मंडळ काढावे लागले. गुण त्यांच्याकडे होते, पण पुरुषांच्या मंडळात त्यांना जागा नव्हती. हे मंडळ बीटा गॅमा सिग्मात विलीन झाले ते १९३३ साली. म्हणजे ‘केवळ गुणवत्ता’ असे लिहिलेल्या दारावर पंधरा वर्षे आणखी एक न लिहिलेली अट होती. गुणांच्या यादीला आडनाव, जात किंवा लिंग दिसत नाही असे आपण म्हणतो. यादी कोणाची करायची हे मात्र आधी कोणीतरी ठरवलेले असते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे व्यापाराची शाळा निघण्याच्या पासष्ट वर्षे आधी विद्यार्थ्यांची सभा निघाली. जून १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. प्राध्यापक पॅटन यांचे प्रोत्साहन होते. सभासद म्हणजे तिथले विद्यार्थी आणि नुकतेच शिकून तिथेच शिकवू लागलेले तरुण. त्यांत तेवीस वर्षांचेही न झालेले दादाभाई नौरोजी होते. सभेची कामकाजाची भाषा इंग्रजी, पण तिने लवकरच मराठी आणि गुजराती शाखा काढल्या. मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. दादोबा पांडुरंग तिच्या अग्रभागी होते. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागले. रसायन, भूगोल, व्यापार, बालविवाह, असे विषय त्या काळच्या मराठीत मांडण्याची खटपट ही मंडळी करत होती.

इथवर ही सभा इतर वादविवाद मंडळांसारखीच. पण १८४९ मध्ये एक वळण आले. बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध वाचून टाळ्या वाजवून घरी जायचे, हा अशा मंडळांचा शिरस्ता. इथे सभासदांनी शाळा काढायचे ठरवले. शिक्षक ठेवायला पैसे नव्हते, म्हणून कॉलेज भरण्याआधी सकाळी हे तरुण स्वतः शिकवू लागले. मुली मिळवायला घरोघर फिरले. दादाभाईंनी म्हातारपणी त्या दिवसांची आठवण लिहिली आहे. असला भलता प्रस्ताव आणल्याबद्दल काही बापांनी त्यांना पायऱ्यांवरून खाली लोटण्याची धमकी दिली होती. जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. पारशी मुलींच्या शाळा निघाल्या, हिंदू मुलींच्या निघाल्या. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात शाळा काढली ती आदल्याच वर्षी. मुंबईतल्या या शाळा मात्र एका विद्यार्थी मंडळाच्या ठरावातून आल्या. याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो.

हेच दादाभाई १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. इंग्लंडमधली ती पहिली हिंदी व्यापारी पेढी. व्यापाराची कोणतीही शाळा त्यांनी पाहिली नव्हती. कंपनी अफू आणि दारूचा धंदा करते हे पटेना म्हणून ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आता नीतिमत्तेचा स्वतंत्र पेपर असतो. पुतणीच्या पुस्तकात अमेरिकी कंपन्यांची उदाहरणे आहेत, दादाभाईंचे नाही.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. या सभेच्या दारातही सगळे येऊ शकत नव्हते. नियमात तसे काही लिहिलेले नव्हते, ते लिहिण्याची गरजच नव्हती. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. जो मुलगा शाळेच्या ओसरीवर चढू शकत नाही तो एल्फिन्स्टनच्या सभेत निबंध कसा वाचणार?

इथे ‘क्लब’ या शब्दाकडे वळायला हवे, कारण मराठीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. डेक्कन आणि फर्ग्युसनच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी वाचताना मला आधी गोंधळ व्हायचा. ‘अमक्या क्लबात जेवायला जात असे’ असे वाक्य यायचे. क्लब म्हणजे खाणावळ. चार-दहा विद्यार्थी एकत्र येत, आचारी ठेवत, महिन्याचा हिशेब वाटून घेत, एकाला चिटणीस करत. खरे तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी चालवलेला हा पहिला धंदा म्हणायला हरकत नाही: भांडवल, खरेदी, उधारी, शिल्लक, सगळे त्यात आले. पण या धंद्याचे सभासदत्व पंगतीने ठरत असे. कोणाबरोबर बसून जेवता येते तो आपल्या क्लबातला.

हा काही पुण्यापुरता प्रश्न नव्हता. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहे उभी केली. शिक्षण तर आजच हवे होते आणि पंगत मोडायला काळ लागणार होता, म्हणून त्यांनी ही वाट काढली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला आणि परत आल्यावर स्नान करायला नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंगमधून काढण्यात आले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. बोर्डिंगमधून काढलेल्या मुलाने काढणाऱ्यांशी वाद न घालता वेगळी पंगत मांडली, असा माझा त्याचा अर्थ.

आता पुन्हा १९१३. अमेरिकेत बीटा गॅमा सिग्मा जन्मली त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स निघाले. आशियातले वाणिज्याचे हे पहिले कॉलेज मानले जाते. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला दिले गेले. हिशेबशास्त्राची बाजू के. एस. अय्यर यांनी उभारली आणि प्राचार्य म्हणून पर्सी ॲन्स्टी आले. आणि त्याच वर्षीच्या जुलैत बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरले. तिन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या हा योगायोगच. पण खतावणीत एकाच तारखेला तीन नोंदी आल्या की माझी नजर तिथे थांबते.

कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर सुरुवातीला थोडे दिवस वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवेना, तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांच्या समितीने चालवलेल्या एका निवासी क्लबात गेले. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. म्हणजे पुण्यातल्या क्लबांना जे जमत नव्हते ते न्यूयॉर्कच्या पश्चिम ११४ व्या रस्त्यावर सहज होत होते. महाराष्ट्रातला एक अस्पृश्य विद्यार्थी इतर हिंदी विद्यार्थ्यांच्या क्लबात राहत होता. मे १९१६ मध्ये त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. विद्यार्थ्यांचे एक छोटे मंडळ, टेबलाभोवती बसलेली काही माणसे, एवढ्यात तो निबंध वाचला गेला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये हेच आंबेडकर सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही, पण व्याख्याने ऐकल्यावर दुसऱ्या कॉलेजांतूनही विद्यार्थी येऊन बसू लागले. धनंजय कीर यांच्या चरित्रात हे आहे. त्याच चरित्रात हेही आहे की प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. देशातल्या पहिल्या वाणिज्य महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, कोलंबियाहून शिकून आलेल्या प्राध्यापकाबाबत, पाण्याच्या भांड्यावरून. गुणवत्ता यादीने दार उघडले होते, पण आत गेल्यावर पंगत होतीच. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशांवर लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला गेले. त्याच १९१८ सालात इलिनॉयच्या मुली आपले वेगळे मंडळ काढत होत्या, हे मी वर सांगितलेच.

परत आल्यावर जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या मोठ्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने तिच्या लहान नोंदी जास्त मोलाच्या आहेत. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय, तरुणांसाठी हॉकी क्लब आणि ‘सरस्वती विलास’ नावाचे विद्यार्थ्यांचे मासिक. हॉकी क्लब कशाला, तर गिरणगावातली पोरे जुगार आणि दारूपासून दूर राहावीत म्हणून. क्लबांच्या इतिहासात मी या हॉकी क्लबाला सिडनहॅमच्या बरोबरीने जागा देईन. त्याला प्रवेशपरीक्षा नव्हती.

हे सगळे मुंबई-पुण्याचे. आमच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हा काय होते? निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायलाही परवानगी लागत असे. औरंगाबादचे इंटरमीडिएट कॉलेज १९२३ चे, उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले. विद्यार्थ्यांचे स्वतंत्र मंडळ वगैरे फार लांबची गोष्ट. नोव्हेंबर १९३८ मध्ये इथल्या वसतिगृहातल्या मुलांना प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही. लोण हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत गेले, शेकडो विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. मुंबईत विद्यार्थ्यांच्या सभेने शाळा काढल्याला नव्वद वर्षे होत आली होती, आणि इथे वसतिगृहात एकत्र गाणे हा गुन्हा होता. मराठवाड्यातला विद्यार्थी संघटित झाला तो मंडळातून नव्हे, बहिष्कारातून. पुढच्या काळातला इथला जो तिखटपणा बाहेरच्यांना बोचतो त्याचे एक मूळ इथे आहे असे मला वाटते.

जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादेत सुरू झाले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. सोसायटीची स्थापना १९४५ ची, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजची १९४६ ची, तिथल्याच सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालयाची १९५३ ची. सिडनहॅमच्या स्टाफरूममधून बाहेर पडलेल्या प्राध्यापकाच्या संस्थेने तेहतीस वर्षांनी वाणिज्याचे कॉलेज काढले, आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ही सिद्धार्थची ओळख झाली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सिद्धार्थ कॉलेजची विद्यार्थी संसद. सरकार पक्ष, विरोधी पक्ष, विधेयके, मतदान, सगळे विद्यार्थ्यांचे. जानेवारी १९५० मध्ये आंबेडकर या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले. देशाची राज्यघटना त्याच महिन्यात लागू होणार होती आणि तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पोरांच्या लुटुपुटीच्या संसदेत उभा राहून युक्तिवाद करत होता. बिल्ल्यापेक्षा मताची सवय लागावी, एवढाच मी त्यातून अर्थ काढतो.

स्वातंत्र्यानंतरच्या वाणिज्य महाविद्यालयांत ही सवय पुष्कळ काळ टिकली. पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे, माटुंग्याचे पोदार १९४१ चे. त्यांच्या मागोमाग जिल्ह्याजिल्ह्यांत वाणिज्य शाखा निघाल्या आणि प्रत्येकीत वाणिज्य मंडळ आले. १९५५ च्या सुमारास नियोजन आयोगाच्या प्रेरणेने कॉलेजांत प्लॅनिंग फोरम निघाले. पंचवार्षिक योजना विद्यार्थ्यांना समजावी, त्यांनी एखाद्या गावाची पाहणी करावी, अल्पबचतीचा प्रचार करावा, ही कल्पना. साठी ओलांडलेल्या वाचकांना ते फलक आठवत असतील.

मी बी.कॉम.ला होतो तो काळ १९८७ ते १९९०. कॉलेजचे नाव सांगत नाही. प्लॅनिंग फोरमच्या खोलीत तोवर मोडकी बाके ठेवलेली होती. वाणिज्य मंडळाचा मी एक वर्ष चिटणीस होतो, तो मतदानाने. सत्तेचाळीस मतांनी जिंकलो हे अजून पाठ आहे. निवडणुकीत चहा पाजावा लागला, तोही घरच्या किराण्याच्या पैशांतून, आणि वडिलांनी तो हिशेब बरोबर पकडला. त्या वर्षी आम्ही जुन्या मोंढ्यातल्या अडत्यांच्या पट्ट्या गोळा करून शेतकऱ्याच्या हातात शंभरातले किती पडतात याचा तक्ता केला आणि तो भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी तक्ता काढायला सांगितले गेले. कोणी सांगितले ते कळले नाही. आम्ही तो परत लावला. तो पुन्हा निघाला, तोवर परीक्षा आली.

निवडणुकांचे गोडवे गाण्याची मात्र माझी तयारी नाही. सरचिटणीसपदासाठी, म्हणजे आमच्या भाषेत जी.एस.साठी, बाहेरचे पैसे येत. उमेदवार पळवून नेत, हाणामाऱ्या होत. मुंबईत १९८९ मध्ये निवडणुकीच्या वातावरणात एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि सगळा महाराष्ट्र हादरला. आमच्या कॉलेजात तिन्ही वर्षांत एकही मुलगी उभी राहिली नाही. उभी राहिली असती तर भिंतीवर काय लिहिले गेले असते हे आम्हा सर्वांना माहीत होते.

आणि मग १९९४ आले. त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा. मधली सोळा वर्षे या भागाने काय पाहिले ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या संघर्षात विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. त्याआधी १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही विद्यार्थीच पुढे होते. या सगळ्या गदारोळात त्याच वर्षीचा दुसरा एक बदल फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४. त्यात महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेची रचना बदलली. प्रत्येक वर्गातून मागच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक. दोन विद्यार्थिनी, त्याही नेमलेल्या. या नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा.

हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा वाचले. महाराष्ट्राने कायदा करून आपल्या प्रत्येक कॉलेजची विद्यार्थी परिषद ‘ऑनर सोसायटी’ करून टाकली होती. अमेरिकेत गुणवंतांचे मंडळ आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मंडळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीटा गॅमा सिग्माचा सभासद इतर विद्यार्थ्यांच्या वतीने बोलतो असा दावा तिथे कोणी करत नाही. आपण मान आणि प्रतिनिधित्व एकाच खुंटीला टांगले. पहिल्या आलेल्या मुलाला मान मिळावा यात गैर काय? काहीच नाही. पण फी वाढली, वसतिगृहाचे पाणी तुटले, शिष्यवृत्ती आठ महिने आली नाही, तर बोलायचे कोणी? ज्याला नेमले त्याने, आणि ज्यांनी नेमले त्यांच्यासमोर.

जमेची बाजू लपवणे हिशेबनीसाला शोभत नाही. या पद्धतीने हाणामाऱ्या थांबल्या. आणि वर्गात पहिल्या येणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने असल्याने परिषदेत मुली दिसू लागल्या. माझी धाकटी मावसबहीण १९९७ मध्ये वर्गप्रतिनिधी झाली. तिला विचारले, काय काम केलेस? ती म्हणाली, “स्नेहसंमेलनात पाहुण्यांना हार घातला.” मग थोडे थांबून म्हणाली, “पण दादा, निवडणूक असती तर मी तिथवरही पोचले नसते.” तिचे हे दुसरे वाक्य मी विसरलेलो नाही. माझ्या मताविरुद्धचा तो सर्वात भक्कम पुरावा आहे.

कायदा पुन्हा बदलला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने थेट मतदान परत आणले, विद्यार्थिनींसाठी आणि मागासवर्गीयांसाठी राखीव प्रतिनिधी ठेवून. म्हणजे मावसबहिणीच्या आक्षेपाला कागदावर उत्तर मिळाले. २०१९ मध्ये निवडणुका घेण्याचे ठरले आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. मधल्या बावीस वर्षांत जे विद्यार्थी शिकले त्यांनी कॉलेजात मतपेटी पाहिलीच नाही. त्यांचीच मुले आता व्यवस्थापन संस्थांत आहेत.

या रिकाम्या जागेत क्लब आले. त्यांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. मान्यता देणाऱ्या समित्या उपक्रमांचे पुरावे मागतात, कंपन्या अर्जात ‘नेतृत्व’ शोधतात, तेव्हा संस्था क्लब काढतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, समन्वयक नेमतात. पुतणीच्या वर्गात साठ जण आहेत आणि पदे एकाहत्तर. तिने मोजून सांगितली. फायनान्स क्लबात खोट्या पैशांनी शेअर बाजाराचा खेळ होतो, मार्केटिंग क्लबात जाहिरातीची स्पर्धा. मुले मनापासून करतात, रात्र रात्र जागतात. पण एल्फिन्स्टनच्या सभेत निबंध वाचल्यानंतर जे झाले ते इथे होण्याची सोय नाही, कारण प्रत्येक उपक्रम फोटो काढून आणि अहवाल देऊन संपतो.

हे सगळे मी तिला एका संध्याकाळी सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “काका, तुमचा तो अडत्यांचा तक्ता आहे का अजून?” तक्ता नव्हता, पण ज्या वहीतून तो केला ती होती. माळ्यावरच्या ट्रंकेत, वाळवीने कडा खाल्लेली. ती तिने नेली.

पंधरा दिवसांनी कळले की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी रविवारी सकाळी सूतगिरणी चौकातल्या भाजीवाल्या बायकांकडे जातात. रोजचा माल कितीला घेतला, उधारीवर घेतला तर व्याज किती, सडला किती, मोबाइलवर आलेले पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे लिहून घेतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘मुलाच्या’ किंवा ‘मालकांच्या’ असे येते. पहिल्या रविवारी एका बाईने त्यांना सरकारी माणसे समजून हाकलले. दुसऱ्या रविवारी तिनेच बसायला पोते दिले आणि जोडी-वजाबाकी नीट तपासून द्या म्हणाली.

परवा ती संस्थेचा दुसरा एक अर्ज घेऊन आली. या कामाची नोंद उपक्रमात करायची तर रकाने भरायला हवेत: क्लबचे नाव, समन्वयक शिक्षक, सहभागी विद्यार्थ्यांची निवड कोणत्या निकषावर केली, त्यांचे मागच्या सत्राचे गुण. चौघींपैकी एक मागच्या सत्रात दोन विषयांत नापास आहे, आणि बायकांशी बोलायला सर्वांत तीच बरी. पुतणीने निकषाच्या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, जे खरे आहे ते लिही. तिने लिहिले: ‘सकाळी सातला उठून आल्या.’